शिळाछापाच्या पहिल्या भागीचा हिशेब

छपाईचा धंदा आपल्या समाजाला नवा नाही. मुंबई, पुणे, मालेगाव, नागपूर अशा शहरांत लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके आणि कॅलेंडरे छापणारे छोटे छापखाने आपल्या लोकांनी चालवले आहेत. यांतले अनेक भागीत चालतात. कुठे दोन भाऊ असतात, कुठे मामा-भाचे, तर कुठे एकाचा पैसा आणि दुसऱ्याचा हुनर. आणि भागी मोडल्यावर वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहणारे भागीदारही आपल्या आसपास पुष्कळ आहेत.

ज्या शिळाछापाने उर्दू, फारसी आणि अरबी पुस्तके घरोघरी पोहोचवली, त्या शिळाछापाचा जन्मही अशाच एका छोट्या भागीत झाला. १७९६ साली जर्मनीतील म्युनिक शहरात एक कारागीर आणि एक दरबारी वादक एकत्र आले. त्यांची साथ तोटा, चुका आणि भाऊबंदकी यांतून २२ वर्षे टिकली. याच कारागिराने दुसऱ्या एका श्रीमंत व्यापाऱ्याशी केलेली भागी मात्र थोड्याच काळात मोडली. एक का टिकली आणि दुसरी का मोडली, हे आमच्या व्यापारी आणि कारागीर वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे.

नाटककाराला छापखाना का लागला

कारागिराचे नाव अलॉइस सेनेफेल्डर. जन्म १७७१, प्राग शहरात. वडील म्युनिकच्या दरबारी नाटक मंडळीत नट होते. मुलगा कायदा शिकायला इंगोलश्टाटला गेला, पण वडील वारले आणि शिक्षण सोडावे लागले. घरात आई आणि धाकटी भावंडे. त्याने नाटके लिहून पोट भरायचे ठरवले. १७८९ च्या पहिल्या नाटकाच्या पुस्तकातून चार पैसे सुटले. पुढचे एक पुस्तक छापखान्याने उशिरा दिले. त्यामुळे लाइपझिगचा पुस्तकांचा मोठा बाजार हुकला आणि छपाईचा खर्चही जेमतेम निघाला.

तेव्हा त्याने विचार केला की आपले पुस्तक आपणच छापावे. खिळे आणि छपाई यंत्र घ्यायला पैसे नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून पाहिले, पण सरावासाठी पत्रा पुनःपुन्हा घासावा लागे आणि तांबे महाग. म्युनिकला झोल्नहोफेन आणि केलहाइम या भागातून गुळगुळीत चुनखडीचे दगड फरशीसाठी येत. ते स्वस्त होते. सेनेफेल्डर त्यावर शाई घोटत असे. त्याच दगडावर त्याने हात बसवायला सुरुवात केली.

१७९६ मध्ये एके दिवशी परीट दारात उभा होता आणि आईने धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून मागितली. हाताशी कागद नव्हता. त्याने मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने यादी नुकत्याच घासलेल्या दगडावरच लिहिली. नंतर पुसण्याआधी त्याला वाटले, यावर तेजाब ओतून पाहावे. पाण्यात मिसळलेले तेजाब पाच मिनिटे दगडावर ठेवले. शाईखालचा दगड तसाच राहिला, बाकीचा थोडा झिजला आणि अक्षरे पत्त्याच्या जाडीइतकी वर आली. त्यावर शाई लावून कागद दाबला, तर छाप उमटला. ही सगळी हकीकत त्याने स्वतःच १८१८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे.

कल्पना हाती आली, पण भांडवल नव्हते. एका ओळखीच्या माणसाच्या बदली सैन्यात भरती झाल्यास २०० गुल्डेन (तिथले त्या काळचे नाणे) मिळणार होते. त्या पैशात छपाईचे यंत्र घेता येईल म्हणून तो इंगोलश्टाटला गेला. पण त्याचा जन्म प्रागचा, म्हणजे तो बव्हेरियाचा प्रजाजन नव्हे, असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. हुनर आहे आणि उभे राहायला पैसा नाही, अशा स्थितीतल्या कारागिराला काय वाटत असेल, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

वादकाची साथ

संगीताची छापील पुस्तके त्या काळी तांब्याच्या किंवा कथलाच्या पत्र्यावर तयार होत आणि महाग पडत. आपल्या दगडावर हे काम स्वस्तात होईल, हे सेनेफेल्डरच्या लक्षात आले. म्युनिकच्या दरबारात फ्रान्झ ग्लाइसनर नावाचा वादक होता. त्याचा जन्म १७६१ चा. तो स्वतः गीते रचत असे आणि आपल्या रचना छापून विकाव्यात अशी त्याची इच्छा होती. ग्लाइसनर काही मोठा धनिक नव्हता, दरबारी पगारावर जगणारा माणूस. तरी त्याने आणि त्याच्या बायकोने या तरुणावर भरवसा ठेवला, पैसे घातले, ओळखी दिल्या आणि छापायला मालही दिला.

पहिला सौदा १२ गीतांचा होता. रचणे, दगडावर लिहिणे आणि १२० प्रती छापणे हे सारे दोन आठवड्यांच्या आत झाले. दगड, कागद आणि मजुरी मिळून खर्च ३० गुल्डेन, विक्री १०० गुल्डेन, हाती ७० गुल्डेन. शिवाय बव्हेरियाच्या राज्यकर्त्याला (इलेक्टरला) एक प्रत नजर केली, तेव्हा खजिन्यातून १०० गुल्डेनचे बक्षीस मिळाले. दोघांना वाटले, आता नशीब उघडले.

आपल्या फिकहच्या भाषेत बोलायचे, तर ही भागी मुदारबतच्या जवळची होती. मुदारबतमध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. प्रेषित मुहम्मद (स.) हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन सीरियाला व्यापारासाठी गेले होते, हे आपल्या घरातल्या मुलालाही माहीत असते. अशा व्यवहारात नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा झाला, तर भांडवलवाल्याचे भांडवल जाते आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते. कारागिराने हयगय केली किंवा ठरलेली अट मोडली, तरच भरपाई त्याच्यावर येते. ग्लाइसनरने पैशाबरोबर स्वतःच्या रचनाही दिल्या, म्हणून ही भागी शुद्ध मुदारबत नव्हती. पण मुख्य गोष्ट तीच होती. दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून काम करणे शक्य नव्हते.

फुटक्या लाटेची गोष्ट

पहिल्या यशानंतर दोघांनी तेच केले जे आपल्याकडचा प्रत्येक कारखानदार करतो. मोठे यंत्र बनवून घेतले. नवे यंत्र आले आणि काम बिघडले. कागद सरकू लागला, छाप फिसकटू लागला, चांगला महाग कागद वाया जाऊ लागला. हातात आलेली मागणी वेळेवर पुरी होईना आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला.

जुन्या यंत्रावर जे सहज होत होते, ते नव्या यंत्रावर का होत नाही, हे सेनेफेल्डरला बराच काळ कळले नाही. शेवटी कारण सापडले. पहिल्या यंत्राच्या वरच्या लाकडी लाटेला एक भेग होती. छपाई त्या भेगेपासून सुरू होत असे, त्यामुळे कागदावर अचानक ओढ बसत नसे. नवी लाट अखंड आणि चांगली बनवलेली होती, म्हणून ती कागद ओढत होती. जुन्या यंत्राचा दोषच त्याचा गुण होता, आणि चालवणाऱ्या उस्तादाला ते माहीत नव्हते.

येथे थोडे थांबावे. यंत्रमाग असो, पॉवरप्रेस असो वा शिलाई मशीन, जुन्या यंत्रावर बसलेला हात नव्या यंत्रावर लगेच बसत नाही. नवे यंत्र घेताना जुने लगेच भंगारात काढू नये आणि गिऱ्हाइकाला जुन्या वेगाने तारीख देऊ नये. ही चूक २०० वर्षांपूर्वीही झाली आणि आजही होते.

दोन वर्षे अशी गेली. कर्ज वाढले. अशा वेळी भांडवल घालणारा माणूस बहुधा हिशेब मागतो आणि बाजूला होतो. ग्लाइसनर पतिपत्नी बाजूला झाले नाहीत. आमच्या मते या भागीची खरी कसोटी येथेच लागली. नफ्याच्या दिवसांत भागीदार ओळखता येत नाही, तो तोट्याच्या दिवसांत ओळखला जातो.

पाणी आणि चरबी

१७९८ मध्ये सेनेफेल्डरला खरा शोध लागला. त्याच्या ध्यानात आले की दगड झिजवून अक्षर वर आणण्याची गरजच नाही. चुनखडीचा दगड चरबीही शोषतो आणि पाणीही शोषतो. साबण-मेणाच्या शाईने लिहिलेली जागा पाणी घेत नाही. उरलेल्या जागेवर अरबी डिंकाचे पाणी फिरवले की ती ओली राहते आणि तेलकट शाई घेत नाही. मग शाईचा रूळ फिरवला की शाई केवळ अक्षरांवर बसते. कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. दगडाचा पृष्ठभाग सपाटच राहतो. याला त्याने रासायनिक छपाई असे नाव दिले.

काम संपले की दोन दगडांमध्ये वाळू आणि पाणी घालून ते एकमेकांवर घासायचे. जुने लेखन निघून जाते आणि तोच दगड पुन्हा नव्या कामाला येतो. खिळे नकोत, ओतशाळा नको, कोरणारा नको. ज्याला सुंदर लिहिता येते, तो सरळ दगडावर लिहू शकतो.

एक अडचण होती. दगडावर लिहिताना सगळे उलटे लिहावे लागे, तेव्हा कागदावर सुलटे उमटे. त्यावरही सेनेफेल्डरने उपाय काढला. खळ किंवा डिंक लावलेल्या कागदावर चरबीच्या शाईने सुलटे लिहायचे, तो कागद दगडावर पालथा ठेवून दाबायचा, म्हणजे लेखन उलटे होऊन दगडावर उतरते. स्वतः सेनेफेल्डर या युक्तीला आपल्या शोधाचा फार मोठा भाग मानत असे. आपल्या कातिबांच्या पिढ्यांची रोजी पुढे याच युक्तीवर चालली.

आजची ऑफसेट मशीनही याच नियमावर चालते. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली, पण प्लेटला आधी पाणी आणि मग शाई, हा क्रम तोच राहिला. ऑफसेटवर काम करणाऱ्या आमच्या बंधूंना पाण्याचे आणि शाईचे माप सांभाळण्याची डोकेदुखी चांगलीच ठाऊक आहे.

परवाना आणि श्रीमंत भागीदार

१७९९ मध्ये बव्हेरियाच्या इलेक्टरने सेनेफेल्डर आणि ग्लाइसनर यांना या छपाईचा १५ वर्षांचा एकट्याचा हक्क दिला. त्याच वर्षी योहान आन्तोन आंद्रे नावाचा व्यापारी म्युनिकला आला. ओफेनबाख गावी त्याचे संगीत प्रकाशनाचे मोठे दुकान होते. संगीतकार मोझार्टच्या विधवेकडून मोझार्टची हस्तलिखिते त्याने याच वर्षी विकत घेतली. आंद्रे बाजार ओळखणारा माणूस होता. दगडावरची छपाई पाहताच त्याने सौदा केला. २००० गुल्डेन द्यायचे आणि सेनेफेल्डरने ओफेनबाखला येऊन छापखाना उभा करून द्यायचा, माणसे शिकवायची.

पुढे आंद्रेने याहून मोठा बेत मांडला. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना या शहरांत परवाने मिळवायचे आणि सेनेफेल्डरला भागीत घ्यायचे. आंद्रेचा एक भाऊ लंडनला होता आणि दुसरा पॅरिसला. सेनेफेल्डर लंडनला गेला. तेथे त्याने काही महिने बहुतेक घरातच काढले, कारण हुनर कोणाला कळू द्यायचा नव्हता. २० जून १८०१ रोजी लंडनचे पेटंट मिळाले.

आणि मग व्हिएन्नावरून बिनसले. तेथील परवाना कोणाच्या नावावर घ्यायचा? सेनेफेल्डरची आई आपल्या इतर मुलांसाठी तेथे अर्ज करण्याच्या खटपटीत आहे, अशी बातमी आली. तिला अडवण्यासाठी ग्लाइसनरची बायको व्हिएन्नाला गेली. आंद्रेला यात आपल्यामागे कारस्थान दिसले. जुना भागीदार, नवा भागीदार आणि सख्खे घर, तिघांचाही हक्क एकाच शहरावर. कोणाचा हक्क कोठवर, हे कोणत्याही कागदाने आधी पक्के केले नव्हते. गैरसमज वाढले आणि आंद्रेशी असलेली भागी मोडली. पैसा होता, माल होता, बाजार होता, परवानाही होता. हद्द ठरलेली नव्हती.

सेनेफेल्डर मग स्वतः व्हिएन्नाला गेला. तेथे १८०३ मध्ये परवाना मिळाला. कापडावर छपाई करण्याचेही प्रयत्न झाले, पण त्यात जम बसला नाही. व्हिएन्नाचा छापखाना पुढे स्टाइनर नावाच्या व्यापाऱ्याकडे गेला. बेथोव्हेनचे संगीत छापणारे म्हणून स्टाइनरचे नाव झाले. शोध लावणाऱ्याच्या हाती त्यातले फारसे काही आले नाही.

मागे राहिलेले दुकान

इकडे म्युनिकचे काम सेनेफेल्डरने आपल्या भावांवर सोपवले होते. म्युनिकमध्ये कारागीर आणि उमेदवार यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी भरणारी एक शाळा होती. भावांनी शिळाछापाची विद्या त्या शाळेला दिली आणि पैसे घेतले. तेथील मिटरर नावाच्या शिक्षकाने छपाईच्या यंत्रात सुधारणा केली आणि शिळाछाप चित्रकलेच्या शिक्षणात आणला. कारागिरांच्या दृष्टीने हे चांगले झाले, विद्या पसरली. पण १५ वर्षांच्या एकट्याच्या हक्काला भोक पडले ते घरातूनच. शिवाय ओफेनबाख, लंडन, व्हिएन्ना येथे शिकलेली माणसे दुसरीकडे गेली आणि हुनर त्यांच्याबरोबर गेला. हुनर कारागिराच्या हातात असतो. त्याला कुलूप लावता येत नाही.

१८०६ मध्ये सेनेफेल्डर म्युनिकला परतला. तेव्हा शहरात शिळाछाप करणारे इतरही होते. तरीही शेवट वाईट झाला नाही. बव्हेरिया सरकारने शेतसाऱ्यासाठी सगळ्या जमिनीची मोजणी सुरू केली होती आणि नकाशे दगडावर छापायचे होते. १८०९ मध्ये सेनेफेल्डरला त्या कामावर निरीक्षक नेमले आणि वर्षाला १५०० गुल्डेन ठरले. ग्लाइसनरलाही तेथेच वर्षाला १००० गुल्डेनची जागा मिळाली. १३ वर्षांपूर्वी १२ गीते छापून ७० गुल्डेन कमावणारे हे दोघे पुन्हा एकाच छपराखाली आले. त्या मोजणीचे सुमारे २६ हजार दगड म्युनिकमध्ये जपून ठेवलेले आहेत.

ग्लाइसनर १८१८ मध्ये वारला. त्याच वर्षी सेनेफेल्डरचा ग्रंथ निघाला आणि १८१९ मध्ये त्याची इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतरे झाली. ज्या हुनरासाठी लंडनला घरात बसून राहावे लागले, तो त्याने स्वतः पुस्तकात उघड केला. ग्लाइसनर पतिपत्नींनी वाईट दिवसांत दिलेली साथही त्याने त्यात नोंदवली आहे. १८३४ मध्ये म्युनिकलाच त्याचे निधन झाले.

आपल्याकडे शिळाछाप

१८२० च्या दशकात कलकत्ता आणि मुंबई येथे सरकारी कामासाठी शिळाछाप आला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळेवर मराठी पंचांग छापले. लखनौमध्ये १८३० नंतर शिळाप्रेस उभे राहू लागले आणि १८५८ मध्ये मुन्शी नवल किशोर यांचा मोठा छापखाना तेथे सुरू झाला. मुंबईच्या शिळाप्रेसांतून कुरआन शरीफच्या प्रती आणि फारसी-अरबी ग्रंथ निघाले आणि जहाजांतून हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील बाजारांत गेले.

उर्दू आणि फारसी वाचकाने शिळाछाप इतक्या आपुलकीने का स्वीकारला, याचे कारण नस्तालीक लिपीत आहे. तिच्यात प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते आणि शब्द वरून खाली उतरत येतो. तो खिळ्यांनी जुळवणे कटकटीचे होते आणि जुळवला तरी वाचकाच्या डोळ्याला खटकत असे. शिळाछापात कातिबाने लिहिले तसेच उमटत होते. पिवळ्या कागदावर कातिब सुलटे लिही, ते दगडावर उतरे आणि चूक राहिली तर संगसाज दगडावर उलट्या अक्षरांत दुरुस्ती करी. कातिब, संगसाज, शाईवाला, दाबवाला आणि मालक अशी एक साखळी तयार झाली आणि हजारो घरांची चूल त्यावर पेटली.

ऑफसेट आल्यावर दगड गेले, तरी कातिब राहिले. १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने संगणकावरची नूरी नस्तालीक लिपी वापरायला घेतली आणि १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज हा प्रोग्राम आला. त्यानंतर कातिबांचे रोजचे काम झपाट्याने कमी झाले. ज्या छापखान्यांत मालक आणि कातिब यांच्यात काहीच लिखापढी नव्हती, तेथे आयुष्य घालवलेला कारागीर रिकाम्या हाताने उठला. तो भागीदार होता की नोकर, हे सांगणारा कागदच नव्हता.

आपल्या भागीसाठी पाच गोष्टी

सूरह अल्-बकराची २८२ वी आयत पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय देणे-घेण्याची लिखापढी हा आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, असा तिचा आदेश आहे. लिहिणाऱ्यासाठी तिच्यात ‘कातिब’ हाच शब्द आला आहे. हातोहात रोख व्यवहाराला न लिहिण्याची सवलत आहे. भागी हा काही हातोहात व्यवहार नव्हे, तो वर्षानुवर्षांचा असतो. तरी आपल्याकडे “आपण भाऊ-भाऊ, कागद कशाला” असे म्हणण्याची रीत आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मानले जाते. आम्हाला हे पटत नाही. कागदाने भावाचे भावपण सांभाळले जाते. म्हणून पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात.

पहिली, नफा आणि तोटा. शिरकतमध्ये नफा ठरेल तसा वाटता येतो, पण तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात पडतो. भारताचा १९३२ चा भागीदारी कायदा मात्र असे सांगतो की करारात वेगळे ठरले नसेल, तर नफा आणि तोटा दोन्ही समसमान. म्हणजे शरीअतप्रमाणे वागायची इच्छा असलेल्या दोन भागीदारांनी कागद केला नाही आणि प्रकरण कोर्टात गेले, तर कारागिराच्या अंगावर अर्धा तोटा येऊ शकतो. प्रमाण लिहिले असेल, तर कायदा त्या लेखाला मान देतो.

दुसरी, काम करणाऱ्याचा मोबदला. याच कायद्याप्रमाणे करारात लिहिले नसेल, तर धंद्यात राबणाऱ्या भागीदाराला वेगळा पगार मागता येत नाही. जो रोज दहा तास मशीनवर उभा असतो आणि जो महिन्यातून एकदा हिशेब पाहायला येतो, त्या दोघांत फरक करायचा असेल, तर तो भागी सुरू होतानाच ठरवावा. येथे शरीअतचीही एक बाब आहे. अनेक आलिम भागीदाराला ठरावीक पगार देण्यापेक्षा नफ्यातला त्याचा हिस्सा वाढवून देणे पसंत करतात. याबाबत जवळच्या आलिमांचा आणि वकिलाचा सल्ला घेऊनच कलम लिहावे.

तिसरी, हद्द. कोणते गाव, कोणता माल, कोणते नाव भागीचे आणि कोणते एकट्याचे, हे ठरवावे. दुसऱ्या शहरात शाखा काढली, तर ती कोणाची? मुलगा तोच धंदा शेजारच्या गल्लीत सुरू करू शकेल का? आंद्रे आणि सेनेफेल्डर यांची भागी याच प्रश्नावर मोडली.

चौथी, गैरहजेरी आणि मृत्यू. एक भागीदार परदेशी गेला, आजारी पडला, तर त्याच्या जागी कोण आणि त्याचा अधिकार किती? आपल्याकडे आखातात जाणाऱ्या भागीदारांची संख्या मोठी आहे, त्यांनी सेनेफेल्डरच्या भावांची गोष्ट लक्षात ठेवावी. करारात तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागी कायद्याने विसर्जित होते. तेव्हा वारसांचा हिस्सा काढताना यंत्राची किंमत, उधारी आणि दुकानाचे नाव यांचे मोल कसे करायचे, हे आधीच लिहिलेले असेल, तर विधवेला आणि यतीम मुलांना दारोदार फिरावे लागत नाही.

पाचवी, नोंदणी. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या पेढीला करारापोटी बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे अडकलेले पैसे वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात हे फार महाग पडते. मुद्रांकावर करारनामा करून रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद करण्याचा खर्च एका बुडीत बिलापेक्षा बहुधा कमीच असतो.

शेवटी एक गोष्ट कागदाबाहेरचीही आहे. आंद्रेकडे पैसा ग्लाइसनरहून कितीतरी अधिक होता, तरी टिकला तो ग्लाइसनर. दोन वर्षे कागद फाटत होता, कर्ज चढत होते आणि तरी त्याने आणि त्याच्या बायकोने हात सोडला नाही. भागीदार निवडताना त्याची तिजोरी पाहावी, त्याआधी त्याचा सब्र पाहावा. आणि असा माणूस मिळाला, तर त्याच्याशी पक्का करारनामा करून त्याच्या अमानतीची कदर करावी. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो.